पिक्चर जुना, की कॉपी वाईट?

"जुना पिच्चर असाच दिसते भाऊ!" आमच्या खामगावकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. चेहरे धुरकट, आवाज खरखरीत, की झालं... दोष सिनेमाच्या वयावर! माझं म्हणणं साधं आहे. घरी पिक्चर पाहताना मार्क दोन द्यावेत, एक सिनेमाला आणि एक कॉपीला. आणि त्यांची बेरीज करू नये.

थोडं गणित करू. व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. पाल पद्धतीच्या डीव्हीडीचं 720 गुणिले 576, म्हणजे चार लाखांवर. फुल एचडीचं वीस लाखांच्या पुढे. आणि 35 मिमीच्या चांगल्या निगेटिव्हवर त्याहूनही जास्त तपशील असतो. मग व्हीसीडीवर 1937 चा 'कुंकू' धुरकट दिसला, तर तो शांतारामबापूंचा दोष कसा?

'कुंकू' मुद्दाम घेतला. त्यात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. अशा सिनेमाची खरखर घालवायच्या नादात आवाज फार गाळला, तर 'स' आणि 'श' बोथट होतात, आणि शांतताही मरते. म्हणजे कॉपीने नुसतं चित्र नाही, दिग्दर्शकाचा विचारच खाल्ला.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक, टीव्ही. जुन्या पिक्चरची चौकट साधारण 1.37 ला 1 असते. ती रुंद पडद्यावर ताणून बसवली की माणसं तीसेक टक्के जाड होतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या ना, पैसे वाया जात नाहीत! दोन, वेग. सेकंदाला 24 चित्रांची फिल्म पाल डिस्कवर बरेचदा 25 ने पळवतात. दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधी संपतो, आणि सूर सुधारून घेतला नसेल तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं. गायिकेचा आवाज बारीक वाटला तर आधी डिस्कवर संशय घ्या.

आता कोणी म्हणेल, मूळच उरलं नसेल तर कॉपी काय करणार? बरोबर आहे. 2003 साली पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि जुनी नायट्रेट रिळं जळाली. जे गेलं ते गेलं. पण जिथे बरी प्रिंट शिल्लक आहे, तिथे 'जुनं असंच असतं' म्हणून गप्प बसलो, तर चांगली कॉपी काढायची गरज कोणाला वाटेल?

आजचा दहावीतला पोरगा मोबाइलवर तीच गचाळ कॉपी पाहतो आणि पाच मिनिटांत ठरवतो, की मराठीतलं जुनं बोअर आहे. त्याने सिनेमा नापास केलेला नाही, सिनेमा अजून त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. म्हणून म्हणतो, मार्क दोन. कॉपीला शून्य द्यायला अजिबात लाजू नका!