चित्रं कुठे पळून जातात?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच मांडायचाय, कारण ज्या वाक्यामुळे तो सुरू झाला ते बाबांनी मराठीत म्हटलं होतं.

बारावीनंतर मला जे.जे.ला जायचं होतं. बाबा म्हणाले, "आधी इंजिनिअरिंग कर. चित्रं काय, नंतरही काढता येतील. ती कुठे पळून जातात?" मला ते पटलं. ड्राफ्टर आणि स्केचबुक, दोन्ही घेऊन मी होस्टेलवर आले.

फर्स्ट इयरला गॅदरिंगचं पोस्टर केलं, बक्षीस मिळालं, सीनिअर्स नावाने ओळखायला लागले. आणि तिथेच घोळ झाला. पुढच्या वर्षी पुन्हा पोस्टर माझ्याकडेच आलं. कोरा कागद पसरून रात्री दोनपर्यंत बसले. चार रेघा, खोडरबर, परत चार रेघा. शेवटी "सबमिशन आहे" अशी थाप मारून काम दुसऱ्या मुलीच्या गळ्यात टाकलं. त्यानंतर आठ महिने एकही चित्र नाही. चित्रं खरंच पळून गेली होती, आणि हे बाबांना फोनवर सांगायची हिंमत होत नव्हती.

अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात : "मूड येईपर्यंत थांब." माझ्या मते हा सल्ला साफ चुकीचा आहे. माझी रूममेट यावर वासुदेव गायतोंडेंचं नाव पुढे करते. जे.जे.मधून १९४८ साली बाहेर पडलेला एवढा मोठा चित्रकार वर्षाला मोजकीच चित्रं करायचा, मग तू कशाला घाई करतेस? मुद्दा बिनतोड वाटतो. पण गायतोंडे रंगवत नसतानाही चित्राचाच विचार करत असत. मी चित्राचा विचारसुद्धा टाळत होते. थांबणं आणि टाळणं बाहेरून सारखंच दिसतं. आपण काय करतोय हे आपल्याला मात्र पक्कं ठाऊक असतं.

मला मूड गेल्याचं दुःख नव्हतंच. मला वाईट चित्र काढायची भीती होती. बक्षीस मिळालेल्या मुलीचं चित्र फसलं तर लोक काय म्हणतील?

सुटका झाली ती मेसमध्ये. लाईट गेले होते, जेवणाला उशीर होता. हातात बॉलपेन आणि नोट्सची झेरॉक्स. तिच्या पाठीमागे मी पोळ्या लाटणाऱ्या मावशींना काढलं. हात बटाट्यासारखे आले, पण बॉलपेन खोडता येत नाही. मावशींनी डोकावून पाहिलं. "अगं, मी एवढी जाड आहे का गं?" म्हणून खूप हसल्या, आणि तो कागद मागून घेऊन पिठाच्या डब्यावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी मी वॉचमनकाकांना काढलं. तेही फसलं. पण तिसऱ्या दिवशी पेन आपोआप हातात आलं.

आपण सगळे फ्रिक्शन शिकलोय. वस्तू जागची हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोरात ती पुढे सरकत राहते. सगळा त्रास पहिल्या धक्क्याचा. तो धक्का द्यायला साधं, खोडता न येणारं, कोणी मार्क देणार नाही असं चित्र पुरतं. कविता अडलेल्यांना आणि गिटार कपाटावर ठेवून दिलेल्यांनाही हे लागू पडेल असं मला वाटतं.

म्हणून रेक्टर मॅडमना एक विनंती. कॉमन रूममधल्या नोटीस बोर्डाचा एक कोपरा आम्हाला द्या. तिथे दर रविवारी कोणीही आपलं फसलेलं चित्र, अर्धवट कविता लावावी. नंबर नाही, बक्षीस नाही. पहिलं चित्र मी लावते. मावशींनी त्यांचं परत दिलं तर तेच, नाहीतर वॉचमनकाका आहेतच.

आणि बाबा, हा अंक घरी येईलच. चित्रं पळाली होती. परत आली आहेत.