यंत्राची वही उघडी हवी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरामागच्या अंगणात, गवतात चाके रुतलेला जुना पिकअप ट्रक हे काही दुर्मिळ दृश्य नव्हे. बहुधा तो घरातल्या आजोबांच्या शेतावर राबलेला असतो. रंग उडालेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या. भंगारवाला त्याची किंमत वजनावर ठरवतो. तरीही एखादा फिटर, सुतार किंवा शाळामास्तर आपल्या शनिवार-रविवारच्या सुट्या खर्ची घालून दोन-तीन वर्षे त्या गाडीशी झटतो आणि अखेर तिला रस्त्यावर आणतो.

या उद्योगाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक भावविवश कौतुकाची. दुसरी, खुशालचेंडूंचा छंद म्हणून उपेक्षेची. समाजवादी कार्यकर्त्याचा कल साहजिकच दुसरीकडे असतो. परंतु दोन्हींत मूळ प्रश्न निसटतो. पाऊणशे वर्षांपूर्वीचे यंत्र एक सामान्य मनुष्य आपल्या घरी उघडू शकतो, समजून घेऊ शकतो आणि पुन्हा चालते करू शकतो. मग कालपरवा विकत घेतलेले यंत्र त्याला का उघडता येऊ नये? हा प्रश्न छंदाचा नाही. मालकीचा आणि सत्तेचा आहे.

उदाहरणादाखल १९५० सालचा शेव्हर्ले ‘३१००’ घ्यावा. १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आलेल्या आणि १९५५ च्या आरंभापर्यंत निघत राहिलेल्या मालिकेतला हा अर्ध्या टनाचा पिकअप. एका ओळीतले सहा सिलिंडर, सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन, सहा व्होल्टची वीजव्यवस्था. बॉनेट उचलले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोहोचतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झालेले असतात. घाईने बळ लावले तर मोडतोड होते. म्हणून स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल ओतायचे, काही दिवस वाट पाहायची आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहायचे. या कामात पहिला धडा मिळतो तो धीराचा.

दुसरा धडा गंजाचा. वरून दिसतो त्याहून तो आत अधिक असतो. केबिनचे मागचे कोपरे, पायाखालचा पत्रा, पायदानाजवळची पट्टी अशा ज्या ज्या जागी पाणी आणि माती साठते, तेथे तो पोखरत जातो. लहान सुट्या भागांचा गंज घरीच निघतो. प्लॅस्टिकच्या टपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला. मात्र त्या तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टील वापरले तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरते, हे ठाऊक असावे लागते. कुजलेला पत्रा तर कापूनच काढावा लागतो आणि चांगल्या पत्र्यापर्यंत पोहोचल्यावरच ठिगळ वेल्डिंगने जोडावे लागते. गंजावरून पुट्टी फिरवून रंग मारणारा स्वतःला फसवतो. एकदोन पावसाळ्यांत फोड वर येतात. राजकारणात वावरणाऱ्यांना ही गोष्ट फोडून सांगावी लागू नये.

हे सारे शक्य होते ते एका साध्या कारणामुळे. त्या काळी कंपन्या दुरुस्तीच्या तपशीलवार पुस्तिका छापीत. कोणता बोल्ट किती आवळायचा, कोणत्या फटीचे माप किती, हे सारे त्यांत असे. तीच माहिती आज नातवाच्या कामी येते. यंत्राची वही उघडी होती.

परंतु त्या काळाचे गोडवे गाण्यापूर्वी त्याच कारखान्यातल्या कामगाराकडे पाहिले पाहिजे. ही गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या फ्लिंट येथील कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७ असे ४४ दिवस यंत्रांपाशी ठिय्या देऊन आपल्या संघटनेला मान्यता मिळवली. त्या लढ्याला कलाटणी मिळाली ती शेव्हर्लेचाच चार क्रमांकाचा कारखाना कामगारांनी ताब्यात घेतल्यावर. पुढे १९४५-४६ साली वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली ११३ दिवसांचा संप झाला. मागणी विलक्षण होती: वेतन ३० टक्क्यांनी वाढवा, पण गाड्यांच्या किमती वाढवू नका, हे परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. वेतनवाढ मिळाली, तीही मागितल्याहून कमी. वह्या मात्र उघडल्या नाहीत. १९५० च्या मे महिन्यात पाच वर्षांचा जो प्रसिद्ध करार झाला, त्यात कामगाराला निवृत्तिवेतन आणि महागाईशी बांधलेली वेतनवाढ लाभली. पण काय बनवायचे, कसे बनवायचे, काय भावाने विकायचे, हा सारा अधिकार व्यवस्थापनाकडेच राहिला.

म्हणजे अंगणातला तो पिकअप ज्या वर्षी बनला, त्याच वर्षी त्याच्या निर्मात्याने यंत्राविषयीच्या निर्णयातला आपला वाटा सोडून दिला. त्या वेळी हा सौदा लाभाचा वाटला. त्याची उरलेली किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागत आहे. कारखान्यातला कामगार बाहेर पडला त्याच दाराने आता ग्राहकालाही बाहेर काढले जात आहे.

आजच्या गाडीत डझनावारी संगणक असतात. बिघाड काय आहे हे सांगणारी माहिती त्यांच्यात साठते, पण ती वाचण्याची किल्ली कंपनी आपल्याकडे ठेवू पाहते. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्याने असे कुलूप उघडणे हाच गुन्हा ठरू शकत होता. २०१५ साली जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीने सरकारदरबारी लेखी मांडले की, ट्रॅक्टरमधील संगणकप्रणाली शेतकऱ्याच्या मालकीची होत नाही. ती वापरण्याचा गर्भित परवाना तेवढा त्याला मिळतो. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते मात्र शेतकऱ्याचे! त्याच वर्षी दुरुस्तीपुरती कायद्यातून सूट देण्यात आली. परंतु ती दर तीन वर्षांनी पुन्हा मागावी लागते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये सुमारे ८६ टक्के आणि २०२० मध्ये सुमारे ७५ टक्के मतांनी दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. दुसऱ्या कौलानंतर उत्पादकांच्या संघटनेने त्याच महिन्यात न्यायालय गाठले आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली. २०२५ च्या जानेवारीत तर अमेरिकेच्या व्यापार आयोगालाच दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून जॉन डिअरविरुद्ध दावा लावावा लागला.

येथे काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. जुन्या गाडीचा धूर अधिक विषारी. तिच्या ब्रेकची एकच नळी. ती फुटली तर चारही चाके निकामी. मोटारींना दुहेरी ब्रेकयंत्रणा साठीच्या दशकाच्या अखेरीस कायद्याने आली, कंपन्यांच्या दयाबुद्धीने नव्हे. जुन्या ब्रेकमधील अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आणि जुन्या रंगातील शिसे घरच्या दुरुस्तीत फुप्फुसांत जाते. शिवाय ज्याला स्वतःचे घर आणि गॅरेज आहे त्यालाच हे साधते. १९३४ नंतर सरकारी हमीच्या गृहकर्जांनी गोऱ्या कुटुंबांना घरे मिळवून दिली आणि काळ्यांच्या वस्त्या मात्र वगळल्या; हा भेद १९६८ च्या कायद्यापर्यंत उघडपणे चालला. तेव्हा अंगणातल्या पिकअपचे गीत गाताना, अंगण कोणाला मिळाले हेही विचारलेच पाहिजे. आणि चकचकीत झालेला ट्रक श्रीमंताच्या प्रदर्शनात जाऊन उभा राहिला, तर त्याने गहू वाहिला काय आणि न वाहिला काय, सारखेच.

परंतु हे आक्षेप मान्य केल्याने निष्कर्ष बदलत नाही. तो अधिक नेमका होतो. मागणी जुन्या यंत्राकडे परतण्याची नाही. नवे यंत्र स्वच्छ हवे, सुरक्षित हवे, आणि जुन्यासारखे उघडेही हवे. संगणक असणे आणि त्याला कुलूप असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली विज्ञानाची देणगी आहे, दुसरी मक्तेदारीची सोय.

भारतात हा विचार परका नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा अटी केवळ सुताच्या लांबीच्या नव्हत्या. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावे, वीस वर्षे टिकावे आणि त्याच्या वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशाही अटी होत्या. यंत्र किती उत्पादन करते एवढेच न विचारता ते कोणाच्या हाती राहते, हेही विचारण्याची ती दृष्टी होती.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि त्या कुळातल्या गाड्या महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचल्या. त्या धावत्या ठेवल्या त्या तालुक्याच्या नाक्यावरील मिस्त्रींनी. कोणाकडे पदवी नव्हती. उस्तादाच्या हाताखाली ‘छोटू’ म्हणून पाने उचलीत त्यांनी ही विद्या कमावली. बालवयातल्या त्या राबणुकीचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या विद्येवर लाखो घरांची चूल पेटली, हे विसरूही नये. आज संगणकाचे कुलूप लागलेली गाडी दारात आली की तोच मिस्त्री हात पुसून म्हणतो, ‘कंपनीत न्या.’ एका वाक्यात एक कारागीर मजूर होतो आणि शेतकरी ओलीस.

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि वाहने तिच्या कक्षेत होती. त्याच वर्षअखेर एक संकेतस्थळही निघाले. पण संकेतस्थळावर पत्ते देणे निराळे आणि कंपन्यांना कायद्याने बांधणे निराळे. दुरुस्तीची पुस्तिका, सुटे भाग आणि बिघाड वाचण्याची साधने वाजवी दरात प्रत्येक मिस्त्रीला आणि मालकाला मिळालीच पाहिजेत, ही मागणी शेतकरी संघटना, वाहनचालकांच्या संघटना आणि कामगार संघटना यांनी एकत्र येऊन मांडली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ही विद्या मुलामुलींना सन्मानाने मिळाली पाहिजे.

१९४५ साली कामगाराने मालकाला सांगितले होते, हिशेबाची वही उघडा. ती मागणी अपुरी राहिली. आज ग्राहक, मिस्त्री आणि शेतकरी सांगत आहेत, यंत्राची वही उघडा. या दोन मागण्या मुळात एकच आहेत, हे ज्या दिवशी कारखान्यातल्या आणि नाक्यावरच्या श्रमिकाला एकदम उमगेल, त्या दिवशी वरून कितीही पुट्टी फिरवली तरी मक्तेदारीचा गंज झाकला जाणार नाही.