शाळेची जर्सी की क्लबची?

मुलांनो,

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळीच दाराची कडी वाजली. उघडून पाहते तर माझा जुना विद्यार्थी! चौथीला माझ्या वर्गात होता, आता नववीत गेलाय. उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, पण मान खाली. "ये रे बाप्पा, आत ये," म्हटलं. पोहे समोर ठेवले, तर हातही लावला नाही. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

हळूहळू गोष्ट बाहेर आली. हा पोरगा फुटबॉलचा गोलकीपर. शाळेच्या संघात आहे आणि एका क्लबातही. नेमके एकाच दिवशी दोन्हीकडचे सामने आले. यानं शाळेत निरोप धाडला, 'ताप आलाय', आणि गेला क्लबकडून खेळायला. तिकडे क्लब जिंकला. इकडे शाळेनं एका बॅकला गोलमध्ये उभं केलं आणि शाळा हरली. ताप खोटा होता, हे दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं.

"मॅडम, दहावीची पोरं माझ्याशी बोलूनच नाही राहिली," तो म्हणाला. "आता शाळेचं सोडू की क्लबचं?"

पोरं का रागावली, ते समजून घ्या. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा त्यांच्या पायऱ्या. एकदा हरलं की त्या वर्षापुरतं संपलं. आणि दहावीच्या मुलांना त्या शाळेत पुढचं वर्षच नव्हतं!

शाळेच्या खेळाचे फायदे आहेत. मित्र सोबत असतात, खर्च कमी, सरांची नजर अभ्यासावरही असते. वरच्या पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला नियमाप्रमाणे सवलतीचे गुणही मिळतात. पण हंगाम छोटा. क्लबात वर्षभर सराव, लीगमध्ये भरपूर सामने, मोठ्या खेळाडूंशी टक्कर. मात्र बूट, फी, येणं-जाणं हा आईबाबांच्या खिशाचा प्रश्न होतो.

मग मोठं व्हायचा रस्ता कुठला? दोन्ही आहेत. सुब्रतो कप ही शाळांची देशातली नावाजलेली स्पर्धा 1960 मध्ये सुरू झाली. 1992 मध्ये तिथे सिक्कीमचा एक शाळकरी मुलगा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबनं त्याला घेतलं. तो म्हणजे भायचुंग भुतिया, पुढे भारताचा कर्णधार! शाळेच्या मैदानातूनच तो क्लबात गेला.

आता आपल्या नागपूरचं पाहा. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातूनच 2001 मध्ये 'स्लम सॉकर' उभं राहिलं. त्यावरचा 'झुंड' सिनेमा 2022 मध्ये आला, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांना शाळेच्या संघात जागाच नव्हती, त्यांना खेळ असा बाहेर मिळाला.

अमेरिकेत तर 2012 मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या खास अकादमीतल्या मुलांना शाळेकडून खेळायला बंदीच केली. किती मुलांना वर्गमित्रांना सोडावं लागलं असेल! आणि ती अकादमी 2020 मध्ये बंद पडली.

मी त्या पोराला म्हटलं, "कोणतं सोडायचं हे नंतर ठरव. तुझी चूक क्लबकडून खेळण्यात नाही, तापाच्या थापेत आहे. तारखा आधीच सांगितल्या असत्यास, तर सरांनी दुसरा गोलकीपर तयार केला असता."

सोमवारी तो सरांकडे गेला आणि खरं ते सांगितलं. सरांनी त्याला पंधरा दिवस गोलमध्ये उभं केलं नाही. जाळी बांधायची, बॉलमध्ये हवा भरायची, पाण्याच्या बाटल्या आणायच्या. त्यानं कुरकुर न करता सगळं केलं. सोळाव्या दिवशी दहावीतल्याच एकानं त्याच्याकडे बॉल फेकला, "चल, उभा राह!"

आता त्याच्या घरी भिंतीवर एकच कॅलेंडर आहे. शाळेचे सामने निळ्या शाईनं, क्लबचे लाल, परीक्षा हिरव्या. दोन रंग एकाच चौकोनात आले, की तो आठवडाभर आधी दोन्ही सरांना सांगतो. आठवड्यातून एक दिवस चौकोन कोराच ठेवतो. वाढत्या वयात गुडघ्यांनाही सुट्टी लागते ना! दहावीला काय करायचं, ते मात्र आईबाबांसोबत बसून ठरवणार आहे.

पालकहो, तुम्हीही निवड मुलांवर लादू नका आणि पूर्ण त्यांच्यावर सोडूही नका. सोबत बसा.

आणि मुलांनो, तुम्ही त्याच्या जागी असता तर त्या दिवशी कुठे खेळला असता? मला पत्रानं नक्की कळवा.

तुमची,
मॅडम