छापलंय म्हणजे खरंच असेल?

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण आज ज्या चुकीबद्दल लिहितेय ती ऱ्हस्व-दीर्घाची नाही.

गेल्या वर्षी याच मॅगझीनमध्ये कॉम्प्युटरच्या पानावर माझा सायबर सिक्युरिटीवरचा लेख आला होता. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते चिनी हॅकर्सनी केलं, असं मी त्यात ठोकून दिलं होतं. सुट्टीत अंक घरी धुळ्याला नेला. आजीने माझा फोटो बघितला आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "छापेल शे ना, मंग खरंच व्हई!" मी दोन दिवस हवेत होते.

कॉलेज उघडल्यावर इलेक्ट्रिकलच्या एका सरांनी गाठलं. "हे तुला कुणी सांगितलं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी गप्प. मी फक्त हेडलाइन वाचली होती.

मग लायब्ररीत बसून नीट वाचलं. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर न्यू यॉर्क टाइम्सने रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीच्या अहवालावरून बातमी दिली. भारताच्या वीजयंत्रणेत चिनी मालवेअर शिरल्याचं अहवालात होतं. पण मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात होतं! राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर सेलच्या प्राथमिक अहवालावरून घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे. म्हणजे एकाच घटनेबद्दल इतक्या बाजू. मी त्यातली सगळ्यात चमचमीत उचलली आणि "संशय" हा शब्द गाळून टाकला.

तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडलं? कॉलेजचं मॅगझीन, कोण एवढं मनावर घेतं?

आपल्या खान्देशात तरी असं म्हणू नये. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्या संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, असं बंधन घालायचं ठरवलं. माझ्या लेखाची आणि त्या अफवेची बरोबरी मी करत नाही. पण "तुला कुणी सांगितलं?" हा सरांचा प्रश्न तिथे कुणी विचारला असता तर?

आणि फॉरवर्ड करणाऱ्यापेक्षा छापणाऱ्याची जबाबदारी जास्त, असं मला वाटतं. आपला अंक वर्षातून एकदा निघतो. म्हणजे त्यातली चूक वर्षभर हॉस्टेलच्या रूममध्ये आणि गावाकडच्या घरात पडून राहते.

म्हणून संपादक मंडळाला माझी विनंती आहे. कॉम्प्युटरच्या पानासाठी चार-पाच साधे नियम करा.

पहिला, माहिती कुठून घेतली ते लेखातच सांगायचं. सिद्ध झालेलं वेगळं, संशय वेगळा.

दुसरा, तारीख. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी आधी १५५२६० हा नंबर होता, २०२२ मध्ये तो १९३० झाला. पैसे गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. तेव्हा कुणाच्या हातात आपला जुना नंबर पडला तर?

तिसरा, त्या विषयातल्या एका सरांनी किंवा मॅडमनी छपाईआधी वाचायचं. "एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात" ही थाप तिथेच अडकेल. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, ही खरी कामाची गोष्ट छापून येईल.

चौथा, एखाद्या वेबसाइटमध्ये कुणाला भोक सापडलं, तर आधी त्या संस्थेला किंवा सर्ट-इनला कळवायचं. ते बुजल्यावर लेख लिहायचा. नाहीतर आपण चोराला दार दाखवतो. आणि क्लासवाल्याने पैसे देऊन दिलेला मजकूर असेल, तर वर ठळक "जाहिरात" लिहायचं.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड. चूक झाली, की पुढच्या अंकात त्याच पानावर, लेखकाच्या नावासकट दुरुस्ती छापायची. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको.

कुणी म्हणेल, एवढे नियम केले तर लिहिणार कोण? बरोबर आहे, लेख कमी येतील. येऊ देत. चार पानांऐवजी दोन भरली तरी चालतील, पण ती दोन पानं आजीच्या हातात देताना मला धाकधूक नको.

तर सुरुवात माझ्यापासून. दुरुस्ती : मुंबईची वीज चिनी हॅकर्सनी घालवली, हे मी गेल्या अंकात लिहिलेलं वाक्य सिद्ध झालेलं नाही. मी खात्री न करता ते लिहिलं. क्षमस्व.

आजीला फोन करून सांगितलंय. ती म्हणाली, तो अंक शेजारच्या काकू घेऊन गेल्या, अजून परत आला नाही.