स्वयंभू युनिक्सची दंतकथा

१/ युनिक्सच्या जन्माची कथा संगणकाच्या इतिहासात फार लाडकी आहे. साल १९६९. अमेरिकेतील बेल लॅब्स, फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ हा लहान संगणक, केन थॉम्प्सन नावाचा एकटा प्रतिभावंत आणि तीन आठवडे. कथा मोहक आहे. पण तिच्यातून एक अख्खे यंत्र गाळले गेले आहे. हा थ्रेड त्या यंत्राविषयी.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स मिळून मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीम उभारत होत्या. काम रेंगाळले आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतले. थॉम्प्सन, डेनिस रिची आणि सहकाऱ्यांनी नव्या संगणकाची मागणी वारंवार केली. ती फेटाळली गेली. येथवर दंतकथा खरी आहे.

३/ पुढे ‘स्पेस ट्रॅव्हल’ हा खेळ येतो. जनरल इलेक्ट्रिक ६३५ या मोठ्या संगणकावर त्याच्या एका डावाला सुमारे ७५ डॉलरचा संगणक-वेळ खर्ची पडे, म्हणून तो पीडीपी-७ वर नेला गेला. दंतकथा येथे मोठ्या यंत्राला हसून निरोप देते. इतिहास देत नाही.

४/ कारण तो खेळ आणि त्यापाठोपाठची नवी सिस्टीम पीडीपी-७ साठी असली, तरी घडवली गेली त्याच खर्चिक ६३५ वर. हा कोणा टीकाकाराचा आरोप नव्हे. खुद्द रिची यांनी १९७९ साली सिडनी येथील परिषदेत मांडलेल्या निबंधात ही प्रक्रिया सविस्तर नोंदवली आहे.

५/ असेम्बलर म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या आज्ञांचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर करणारा प्रोग्राम. ६३५ चा शब्द ३६ बिटांचा, पीडीपी-७ चा १८ बिटांचा. एकाचे संकेत दुसऱ्याला निरर्थक. थॉम्प्सन यांनी मॅक्रो रचून ६३५ च्या असेम्बलरकडून परक्या यंत्राचे संकेत वदवून घेतले. दुसऱ्या एका प्रोग्रामने ते कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उतरवले.

६/ ती फीत पीडीपी-७ पाशी न्यायची, भरायची, चाचणी घ्यायची. चूक सापडली की पुन्हा ६३५, पुन्हा नवी फीत. सिस्टीमचा गाभा असलेले कर्नेल, एडिटर, असेम्बलर, साधा शेल आणि फाइल पुसण्याची, दाखवण्याची, नकलण्याची छोटी साधने तयार होईपर्यंत हाच क्रम चालला. त्यानंतरच सिस्टीम स्वतःच्या पायावर उभी राहिली. तोवर तिला युनिक्स हे नावही नव्हते.

७/ आता ते ‘तीन आठवडे’. कुटुंब बाहेरगावी असताना थॉम्प्सन यांनी उरलेल्या मोठ्या भागांना प्रत्येकी एक आठवडा दिला. वेग विलक्षण होता, यात शंका नाही. पण फाइल सिस्टीमचा आराखडा थॉम्प्सन, रिची आणि रड कॅनडे यांनी त्याआधीच फळ्यावर मांडला होता. तीन आठवडे ही शेवटच्या टप्प्याची मोजदाद आहे. तिलाच उगम म्हणणे ही इतिहासाची फसवणूक आहे.

८/ आक्षेप ठरलेला आहे: सुताराच्या रंध्याला कोणी श्रेय देते काय? श्रेय थॉम्प्सन यांचेच. त्यावर वाद नाही. लहान यंत्राच्या मर्यादांनी युनिक्सला साधेपणा दिला, हेही मान्य. प्रश्न श्रेयाचा नसून परिस्थितीचा आहे. नवा संगणक नाकारणाऱ्या संस्थेनेच मोठ्या संगणकाचा महागडा वेळ उपलब्ध ठेवला होता. ‘संस्थेविना घडले’ हे म्हणूनच असत्य आहे.

९/ आणि ही एकदाची तडजोड नव्हती. १९७० च्या उन्हाळ्याअखेरीस पीडीपी-११ आला, पण त्याची डिस्क डिसेंबरपर्यंत मिळाली नाही. दरम्यान त्याच्यासाठी केवळ स्मृतीत चालणारे प्राथमिक युनिक्स तयार झाले ते पीडीपी-७ वरील क्रॉस-असेम्बलरने. नवे यंत्र तोवर ६×८ च्या पटावर बुद्धिबळाच्या घोड्याच्या बंदिस्त फेऱ्या मोजत बसले होते! कालचे आश्रित आता यजमान झाले होते.

१०/ १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या लिनक्सचे पहिले रूप मिनिक्स या दुसऱ्याच सिस्टीमच्या आधाराने कंपाइल झाले. तेथे संगणक एकच होता, यजमान सिस्टीम मात्र परकी. आज खिशातल्या अँड्रॉइड फोनचे कर्नेलही फोनवर नव्हे, मोठ्या संगणकांवर तयार होते. अपवाद वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात रीत आहे.

११/ मग यजमान विस्मरणात का जातो? स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढले जाते आणि पाहणाऱ्याला छत आपोआप तरंगते आहे असे वाटते. सॉफ्टवेअरचेही तसेच. सिस्टीम स्वतःला घडवू लागली की जुना आधार दृष्टीआड होतो आणि तिला स्वयंभू ठरवणे सोपे जाते.

१२/ या दंतकथेची किंमत तरुण वाचक मोजतात. प्रतिभा असली की साधने, संस्था, सहकारी यांची गरज नसते, असे त्यांच्या मनावर ठसते. आणि साधने नाकारणाऱ्यांना आयती सबब मिळते. म्हणून ‘कोपऱ्यातल्या यंत्रावर, एकट्याने’ असे कोणी लिहिले की एकच प्रश्न विचारावा: पहिली फीत कोणत्या यंत्रावर तयार झाली?