गाय म्हणजे भाड्याची खोली?

मंचर-नारायणगाव पट्ट्यात बैलगाडा शर्यतीत एखादा गाडा घाटातून सुसाट निघाला की भंडाऱ्याच्या धुळीत पहिला प्रश्न येतो, "कुठल्या वळूचा?" आई कोणती, हे कुणी विचारत नाही. आमचे एक विद्वान गाडाशौकीन तर यावर शास्त्राचा शिक्काही मारून देतात. वेग बापाचा, बांधा बापाचा, तडफ बापाची. गाय म्हणजे भाड्याची खोली. पुरावा काय, तर "बापाचं जनुक चालतं, आईचं गप्प बसतं" हे कुठंतरी वाचलेलं अर्धं वाक्य.

ते अर्धं खरं आहे, म्हणूनच ताप आहे. सस्तन प्राण्यांत काही जनुकांवर आई-बापाची खूण असते. वाढीला जोर देणारं आयजीएफ-२ बहुतेक अवयवांत बापाकडचंच चालतं. त्यातल्या एका बदलामुळे डुकराचं मांस वाढतं, पण तो बापाकडून आला तरच, हे २००३ साली दिसून आलं. मान्य. मग त्याच वाढीला लगाम घालणारं आयजीएफ-२-आर आईकडचं चालतं, हे कोण सांगणार? शिवाय अशी खुणेची जनुकं उंदरांत सापडली ती शे-दोनशेच्या घरात. एकूण जनुकं वीस हजारांवर.

आता खोंडाचाच हिशेब करू. त्याला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं, जनुकांच्या बाबतीत अगदी कंगाल. भरलेलं एक्स येतं आईकडून. स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा डीएनएही आईचाच. म्हणजे घाटात पळणाऱ्या प्रत्येक बैलात आईचा वाटा बापापेक्षा थोडा जास्तच! आणि ज्या वळूची एवढी आरती चालते, त्याचं एक्स त्याच्या मुलाला कधीच मिळत नाही. ते जातं फक्त लेकीला, आणि तिच्याकडून कदाचित नातवाला. त्या कालवडी मात्र आमचे विद्वान विकून मोकळे.

पळणारं एक वासरू मिरवतं, न पळणारी भावंडं बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारात गुपचूप जातात, हा मुद्दा तर सोडूनच देतो.

शर्यतींवर २०१४ ते २०२१ बंदी होती, तेव्हा हीच गाडाशौकीन मंडळी "खिलार गाय वाचवा" म्हणून गळा काढत होती. बंदी उठली, आणि गाय पुन्हा गोठ्याच्या कोपऱ्यात!

करायचं एवढंच: वळू निवडताना त्याची आई पाहा, आणि वासराच्या नोंदीत बापाशेजारी गाईचं नाव, तिची आई, तिची आधीची वासरं लिहा. वही दहा रुपयांत मिळते.