मेलेल्या माणसावरच गुन्हा दाखल

परवा पोलीस ठाण्यात एका एफआयआरची कॉपी हातात आली. एकदा वाचली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचली.

आमच्या तालुक्यातल्या एका रस्त्यावर मोरीच्या कामासाठी खड्डा खोदून ठेवला होता. रात्री त्यात मोटारसायकल गेली. तिशीतला पोरगा, जागीच गेला. बॅरिकेड नाही, रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. होती ती काठीला बांधलेली एक लाल चिंधी. रात्री लाल चिंधी काळी दिसते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आणि गुन्हा कोणावर? त्या पोरावरच! हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला म्हणे. आता आरोपी मयत, म्हणून अबेट समरी पाठवायची आणि फाईल बंद. खड्डा खोदणारा त्या कागदावर कुठेच नाही.

हवालदाराला शिव्या घालून मोकळं होऊ नका. दुखणं वरपासून आहे.

कायदा काय म्हणतो बघा. भारतीय न्याय संहिता, कलम १०६, पोटकलम १. हयगयीने किंवा अविचाराने जो कोणी दुसऱ्याचा मृत्यू घडवून आणील, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'जो कोणी' असं आहे बरं का, 'जो ड्रायव्हर' असं नाही. रस्ता खोदून उघडा टाकणारा ठेकेदार, बिलावर सही करणारा अधिकारी, लोंबकळती तार वर्षभर तशीच ठेवणारा, सगळे या व्याख्येत बसू शकतात. गुन्हा माणसाच्या धंद्याने ठरत नाही, त्याच्या हयगयीने ठरतो. कायद्याचं मूळ तत्त्व एवढंच आहे.

आता शिक्षेचा आकडा कसा ठरला ते ऐका.

जुन्या भारतीय दंड विधानात हे कलम ३०४-अ होतं. १८७० साली घातलेलं. शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं. दीडशे वर्षं तीच होती. नवीन संहितेचं पहिलं विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, त्यात ७ वर्षं होती. डिसेंबरात आलेल्या विधेयकात ५ झाली. मग डॉक्टरांच्या संघटनेने आपलं म्हणणं मांडलं आणि उपचार करताना झालेल्या हयगयीला २ वर्षं, अशी वेगळी सोय झाली. मग ट्रकवाल्यांचा नंबर. अपघात करून पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला तर १० वर्षं, असं पोटकलम २ मध्ये होतं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चाकं थांबली. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, आपण सगळे बाटल्या घेऊन पेट्रोल पंपावर रांगेत उभे होतो, आठवतंय ना? सरकारने चर्चा केली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून.

डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुरुंगाच्या भीतीने हात थरथरला तर पेशंटच मरेल. ट्रकवाल्यांचंही पूर्ण खोटं नव्हतं. थांबला तर जमाव ठेचून काढतो, हे आपण पाहिलेलं आहे. (कलमात मात्र नंतर ठाण्यात जाऊन कळवायची वाट होती, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही.) माझं भांडण त्यांच्याशी नाही. मग एसटीच्या ड्रायव्हरचं काय? सलग ड्युटी करणाऱ्या टेम्पोवाल्याचं काय? त्यांच्या हाताला भीती नसते? त्यांच्यासाठी २ चे ५ झाले ते गुपचूप. लोकांना वाटतं अख्खं कलमच मागे घेतलं. नाही हो, ५ वर्षांचं कलम आजही लागू आहे.

म्हणजे एकच हयगय, एकच मरण, आणि शिक्षेचे आकडे वेगवेगळे. माप कशाचं? गुन्ह्याचं की संघटनेच्या ताकदीचं?

आणि सगळ्यात स्वस्त कोण सुटतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्ता बांधणारे, सांभाळणारे, ठेकेदार, सल्लागार यांनी सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यातून माणूस मेला किंवा अपंग झाला, तर शिक्षा काय? १ लाख रुपयांपर्यंत दंड. बस. कैदेचा एक दिवस नाही. एका मोरीच्या बिलात एवढे पैसे सहज जिरतात. आणि हा दंड तरी कुणाला झालेला माझ्या तालुक्यात मी अजून पाहिलेला नाही.

कुणी म्हणेल, मग ड्रायव्हरला सोडायचं का? अजिबात नाही. २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडला दारू पिऊन फुटपाथवर गाडी घातली, सात मजूर झोपेतच मेले. खालच्या कोर्टाने निव्वळ हयगय धरली आणि ६ महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली, ती २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम राहिली. कारण माणूस मरू शकतो हे ठाऊक असून केलेलं कृत्य आणि नकळत झालेली चूक यात फरक आहे. हा फरक नीट तपासणं म्हणजेच योग्य शिक्षा. मग हाच फरक ठेकेदाराला लावा ना! उघडा खड्डा, वळणाचा रस्ता, अमावस्येची रात्र. काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं?

देशात वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात. आपण दर मोठ्या अपघातानंतर ओरडतो, शिक्षा वाढवा, फाशी द्या. आकडा वाढतो, पण तो नेहमी स्टेअरिंगवर सापडलेल्याच्या नावापुढेच. पकडायला सोपा, जामीन द्यायला कुणी नाही, वकील परवडत नाही. शिक्षा कितीची आहे यापेक्षा ती योग्य माणसापर्यंत पोचते का, हे आधी बघा.

मागणी साधी आहे. रस्त्यावर मृत्यू झाला की पंचनाम्यात रस्त्याची अवस्था, काम कुणाचं, बॅरिकेड होतं का, हे लिहिलं गेलंच पाहिजे. हयगय दिसली तर १०६ खाली नाव आलंच पाहिजे. त्याला नवीन कायदा लागत नाही. आहे त्यातला 'जो कोणी' वाचायची हिंमत लागते.

आणि शेवटी स्वतःबद्दल. वीस वर्षं मी बातमीत लिहीत आलो, 'चालकाचा ताबा सुटल्याने अपघात'. ठाण्यातून आलेलं वाक्य, जसंच्या तसं. किती वेळा प्रत्यक्ष जाऊन खड्डा बघितला? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पोलिसांच्या आधी त्या पोरांना आरोपी मीच केलं.

उद्यापासून ते वाक्य माझ्या बातमीत येणार नाही. तुमच्या गावच्या खड्ड्याचा फोटो, तारखेसकट, खाली टाका. माणूस मरायच्या आधी.